अडकित्त्यातलं नाक

आमच्या सर्जादादाला तुमी बघितलं नसंल, पन विंझरच्या एस.टी. थांब्यावर कधी उतरला असाल तर त्याचं नाक नक्की बघितलं असंल. आधी नाक येतं, मागनं मिशी, आन् सगळ्यात शेवटी दादा. ऊन असलं की नाकाची सावली हनवटीवर पडती आन् दादा तिच्यात गार बसतो, असं म्या चारचौघांत सांगते. त्याला ते आवडतं. ही टिंगल हाय, हे सत्तरी उलटली तरी त्याच्या ध्यानात आलं न्हाई.

म्या त्याची चुलतबहीण, अक्काबाई. आमच्या दोन घरांत भिंत एकच. ठकूवहिनी, म्हंजी दादाची बायको, गेली तवापासनं त्याची भाकरीबी माज्याच चुलीवर भाजती. तवा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क म्या भाकरी थापून थापून कमावलाय.

ह्या नाकाचं खूळ सुरू झालं आमच्या आज्यापासनं. आजा चिमाजी. दादाचा बाप त्याचा थोरला पोरगा, माजा बाप धाकटा. संस्थानाच्या काळात आजा एकदा बैलावर भात लादून भोरच्या बाजाराला गेलेला. तितं कोन एक साहेब तंबू ठोकून बसलेला, मानसं मोजत. डोक्याला फीत लावायचा, नाकाला लोखंडी चिमटा लावायचा आन् शेजारच्या कारकुनाला कायतरी लिहायला सांगायचा. आज्याच्या नाकाला चिमटा लावला तो काढीचना. दुसऱ्या साहेबाला हाक मारली. मंग आज्याला फळीवर उताना निजवला, नाकपुड्यांत दोन नळ्या खुपसल्या आन् सगळ्या तोंडावर पांढरा चिखल थापला. आज्याला वाटलं, जित्ता पुरत्यात. पन तो चिखल वाळला, साहेबानं साच्यासारखा उचलून घेतला, आज्याची पाठ थोपटली आन् सोडून दिला.

आजा घरी येऊन सांगत सुटला, “अख्ख्या बाजारात साहेबाला माजंच तोंड पसंत पडलं.” वरीसभरात तापानं गेला बिचारा. पोरं रांगती. फोटू कुनी काढलेला न्हाई. आमी लहानपनी आजीला इचारायचो, “आज्जे, आज्याचं नाक कसं व्हतं गं?” तर आजी म्हनायची, “म्या काय मान वर करून बघितलंय व्हय त्यांच्या तोंडाकडं कधी?”

झालं. नाक मोकळंच पडलं. ते दादानं उचललं.

आता दादाच्या बापाचं नाक ल्हानपनीच बैलाच्या शिंगानं मोडलेलं, त्याचा काय पुरावा न्हाई. दादाची आय सखूबाई, माजी चुलती, तिचं नाक वाटान्याएवढं. मंग दादाचं हे धारदार कुठनं आलं? तर आज्याकडनं. साहेबानं चिमटा लावून कबूल केलेलं नाक. माजं म्हनाल तर माजं बसकं. म्या बी चिमाजीचीच नात, म्हनून एकदा इचारलं तर दादा म्हनला, “अक्के, तुजं तुज्या आयकडचं.” बाईच्या नाकाचा दोष कायम बाईकडंच जातो, हे म्या तवाच शिकले.

साहेबाचा चिमटा काय घरात नव्हता, म्हनून दादानं अडकित्ता घेतला. पितळी मुठीचा, सुपारी कातरायचा. तो एका ठरावीक मापाला उघडायचा आन् समोरच्याच्या नाकावर धरायचा. नाक मधी बसलं की म्हनायचा, “खानदानी.” न्हाई बसलं की अडकित्ता खाडकन मिटायचा. गावात बारसं असलं की पाळन्यापाशी दादा हजर. नवरी बघायला जायचं तर दादाला गाडीत पुढं बसवायचे. लोक हसायचे, पन बोलवायचेबी, हे ध्यानात ठेवा. कोंडिबा च्यावाल्याच्या नातीचं एक ठरलेलं लगीन त्या अडकित्त्यानं मोडलं, तरी कोंडिबा दादाला रोज च्या देतोच. आन् विंझरात मोबाईल दुरुस्त करनारा प्रशिक हाय, बौद्धवाड्यातला, त्याचं नाक दादापरास सरळ. दादा त्या दुकानात मोबाईल देतो आन् मान खाली घालून भाईर बसतो. म्या एकदा म्हनलं, “दादा, प्रशिकला लाव की अडकित्ता.” तर म्हनला, “तसलं एखादं चुकून हुतं.”

ठकूवहिनीला पोर झाली ती उशिरा. नूतन. बारसं थाटात केलं. वहिनी हिरव्या लुगड्यात, पोर पाळन्यात, बाया गानी म्हनायला लागलेल्या. दादा आला, कनवटीचा अडकित्ता काढला आन् पाळन्यात वाकला. पोरीचं नाक बसकं. दोन्ही अंगांनी भाईर. दादानं पुन्यांदा लावून बघितला. मंग अडकित्ता मिटला त्याचा आवाज आला, आन् दादा वहिनीकडं बघून म्हनला, “हे कुनाचं?”

गानी थांबली. वहिनी हसली, कारन तिला वाटलं चेष्टा हाय. चेष्टा नव्हती.

त्यानं तिला हाकललं न्हाई. हाकलली असती तर सुटली असती. घरात ठेवली, रांधायला लावली आन् पोरीला कधी नावानं हाक मारली न्हाई. “ठकूची पोर” म्हनायचा. वहिनी रोज सकाळी तेल घेऊन पोरीचं नाक चोळायची, वर ओढायची, दोन बोटांत धरून चिमटायची. तान्ह्या पोरांचं सगळेच चोळत्यात, पन नूतन शाळंत जायला लागली तरी वहिनीचा हात थांबला न्हाई. पोर लाल नाक घेऊन वर्गात बसायची. मास्तर इचारायचा, सर्दी झालीय का. ती म्हनायची, व्हय.

वहिनी मरताना म्या उशाशी व्हते. ती दादाला म्हनली, “एकडाव तरी तिला नावानं हाक मारा.” दादा म्हनला, “पानी घे.” ती पानी न घेताच गेली.

आता आमच्यात घरातलं मानूस गेलं की त्याचा टाक करत्यात. चांदीचा एवढासा पत्रा, त्याच्यावर ठसा उमटवलेलं मानूस, आन् तो देव्हाऱ्यात बाकीच्या देवांजवळ बसवत्यात. बसवला म्हंजी ते मानूस घराचं झालं, कायमचं. आमच्या आज्याचा टाक दादानं भोरच्या सोनाराकडनं मुद्दाम नाक उचलून घेतलेला हाय, पोपट दिसतो. वहिनीचा टाक मातर दादानं केला न्हाई. नूतननं केला. तवा ती लगीन होऊन आंबवड्याला गेलेली, नवरा धनाजी टेम्पो चालवतो. दर नवरात्राला, घट बसायच्या दिवशी, नूतन कुंकवाच्या डबीत टाक घालून यायची. आंबवड्याहून भोर, भोरहून कापूरहोळ, तितं गाडी बदलून विंझर. उंबऱ्यात उभी राहून म्हनायची, “अण्णा, आईला बसवा.” दादा म्हनायचा, “जागा न्हाई.” देव्हारा एवढा, की त्यात मांजर येऊन झोपायचं.

नूतनला दुसरं काय नको व्हतं. जमीन नको, घर नको. आपली आय आपल्या घरच्या देव्हाऱ्यात बसावी, एवढंच.

गेल्या वर्साला श्रावनात पुन्याहून एक पोरगी आली. राजनंदिनी नाव. कुठल्याशा संग्रहालयात कामाला. तिनं सांगितलं, त्यांच्या कोठारात जुने मुखवटे सापडलेत, साहेबांच्या काळातले, आन् एकाच्या पाठीवर आमच्या आज्याचं नाव हाय. त्याची नक्कल करून घरच्यांना द्यायचीय.

दादा आठ दिस उडत व्हता. ओसरी सारवून घेतली, पंचायतीच्या खुर्च्या आनल्या, गाव बोलावलं. मला म्हनला, “अक्के, आता तुमाला कळंल.” म्या म्हनलं, “व्हय बाबा, आमची नाकं झाकून बसतो.” नूतनला म्याच फोन केला. तिला बोलवायचं त्याच्या मनातबी नव्हतं. ती डबी घेऊनच आली आन् दारापाशी बायांच्या मागं उभी राहिली. तिला वाटलं, आज खुशीत असतील, आज बसवतील.

राजनंदिनीनं खोकं उघडलं, फुगेवाला कागद सोडला, मुखवटा पाटावर ठेवला आन् वर दादाचंच उपरनं टाकलं. दादानं नारळ फोडला. मंग उपरनं उचललं.

डोळं मिटलेले, ओठ आवळलेले, घाबरलेला तरना मानूस. आन् नाक म्हनाल तर, उंडा पोळपाटावर ठेवून तळव्यानं दाबावा तसं. नाकपुड्या दोन्ही गालांवर पथारी टाकून निजलेल्या. आमच्या घरातल्या आरशात म्या रोज बघते तेच नाक.

मंग एकेक मुंडकं दाराकडं वळलं, नूतनकडं. मुखवट्याला कुंकू लावलं असतं तर नूतनच बसलीय असं तुमी म्हनला असता.

दादा म्हनला, “बाई, तुमी मानूस चुकलात.”

“मागे नाव आहे, काका. वडिलांचं नावही आहे, आणि गावाचं.”

“मंग चिखलाच्या वजनानं नाक बसलं असंल.”

“प्लास्टरनं नाक बसत नाही.”

“मंग साहेबानं चिमटा कशाला लावून ठेवला येवढा येळ?”

पोरगी चांगली व्हती, आडपडदा न ठेवता बोलली. “त्या काळी साहेबांना वाटायचं, नाक जितकं अरुंद तितका माणूस वरचा. नाकं आणि डोकी मोजून त्यांनी सगळ्या देशाची उतरंड लावली. कोण वर, कोण खाली, कोण जन्मजात चोर, सगळं मापावरून. माणसांचा अभ्यास करायचं आमचं शास्त्र असल्याच गोष्टींतून सुरू झालं. मापं पुढं खोटी ठरली. म्हणून तर आम्ही हे मुखवटे लोकांना दाखवतोय, की बघा, आमची सुरुवात अशी होती. आणि तुमच्या आजोबांचा चेहरा त्यांनी ठेवून घेतला, कारण तो त्यांच्या हिशोबात बसेना. जे बसत नसे ते मुद्दाम ठेवून घ्यायचे.”

कोंडिबा खुर्चीवरनंच म्हनला, “म्हंजी सर्जेराव, साहेबाला नाक पसंत नव्हतं पडलं. नवल वाटलेलं.”

नातीचं मोडलेलं लगीन त्याच्या पोटात इतकी वर्सं च्याबरोबर उकळत व्हतं, ते तवा कळलं.

पानाच्या तबकात अडकित्ता व्हता. म्या उचलला, दादाच्या मापाला उघडला आन् मुखवट्याच्या नाकावर धरला. काय केल्या बसंना. मंग नूतनला म्हनलं, “हिकडं ये गं.” तिच्या नाकावर धरला. तितंबी तसंच, त्याच अंगानं भाईर.

“दादा,” म्या म्हनलं, “तुजी पोरगी सापडली बघ.”

बाया हसल्या. नूतन हसली न्हाई. ती बापाच्या तोंडाकडं बघत व्हती, तान्हं पोर बघतं तशी. दादानं तिच्याकडं बघितलंबी. तितं म्या गप बसायला पायजे व्हतं असं पुढं पुष्कळ जन म्हनले. म्या काय बसले न्हाई.

“पन एक सांग,” म्या म्हनलं, “आज्याचं असलं. सखूचुलतीचं वाटान्याएवढं. मंग तुजं हे कुठनं आलं रं?”

हसू सगळ्या ओसरीवर पसरलं आन् एकदम थांबलं, कारन दादाचा हात नाकावर गेला. झाकल्यासारखा. आयुक्शभर ज्या मापानं दुसऱ्यांच्या आया मोजल्या, ते माप फिरून त्याच्या आयपाशी आलेलं.

“काका,” ती राजनंदिनी घाईघाईनं म्हनली, “नाक कुणाचंही कुणावर जातं. कुठल्या पिढीतलं कुठं उगवेल सांगता येत नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या आईबद्दल नाही आणि यांच्या आईबद्दलही नाही.”

तिचं कोन ऐकतंय. लोकांना बसल्या जागी तमाशा मिळालेला.

दादा उठला. मुखवट्याकडं बोट दाखवून म्हनला, “ह्यो माजा आजा न्हाई. हे उचला हितनं. आन् माज्या आयचं नाव कुनी काढलं तर जीभ हासडीन.”

नूतन पुढं आली. आवाज चढवला न्हाई तिनं. “अण्णा, तुमच्या आईसाठी तुमी आज्याला घराभाईर काढलं. घटकाबी लागली न्हाई. माज्या आईसाठी तुमाला एक अडकित्ता खाली ठेवता आला न्हाई.”

“तू बोलू नगं,” दादा म्हनला, आन् आत गेला.

मुखवटा म्या ठेवून घेतला. माजाबी आजाच की तो. आमच्या सामायिक भिंतीला माज्या बाजूनं टांगलाय, दादाच्या उशाच्या बरोबर मागं.

गाव म्हंजी काय असतं तुमाला ठावं हाय. चार दिसांत सखूचुलतीला एक गवंडी चिकटवला. म्हने देवळाची भिंत बांधायला कुठनंसा आलेला, नाक लांब. असा गवंडी कुनी बघितला न्हाई, आन् देवळाची भिंत तर चुलतीचं लगीन व्हायच्या आधीची. पन जुन्या बाया शपथेवर सांगायला लागल्या. माजी चुलती साधी, जन्मभर शेण-पानी केलेली बाई, मेल्यावर तिला येवढा रंगेल नवरा मिळाला. कोंडिबा च्या देताना इचारायचा, “सर्जेराव, साखर किती, का आधी नाक मोजायचं?” पोरंटोरं थांब्यावर दोन बोटं नाकाला लावून दाखवायची. दादा उपरनं तोंडावर घेऊन फिरायला लागला. प्रशिकच्या दुकानाकडंबी जाईना. भाकरी द्यायला गेले तर म्हनायचा, “अक्के, गवंडी खरा का गं?” म्या म्हनायची, “मला काय ठावं, म्या काय मान वर करून बघितलंय?” तो जेवायचा न्हाई. मला जरा मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. ठकूवहिनीनं असली ताटं लई सरकवलेली.

नवरात्राच्या तोंडावर तो माज्या दारात आला. म्हनला, “त्या ठकूच्या पोरीला फोन लाव. म्हनावं, टाक घेऊन ये.”

म्या समजले. गावासमोर बायकोला निर्दोष केलं की नाकाचं माप खोटं ठरतं, आन् माप खोटं ठरलं की आय सुटती. बायको सुटायची ती आयच्या पदराला धरून. म्या काय नूतनला सांगितलं न्हाई, ती पोर फोनवरच रडली, “आत्या, खरंच म्हनले का?” म्या म्हनलं, “ये.”

आली. नवं लुगडं नेसून, पोरीला, शेफालीला, बरोबर घेऊन. शेफालीचंबी नाक तसलंच, देवाची करनी. दादानं परत गाव बोलावलेलं. घट मांडला. देव चिंचेनं घासून लख्ख केलेले. एकेका देवाला विड्याचं पान, पानावर तांदळाची मूठ, त्याच्यावर देव. एकदा बसले की दसऱ्यापातुर हलवायचे न्हाईत, पानसुदिक न्हाई, हे आमच्याकडं लई कडक हाय. दादानं नूतनच्या हातातनं टाक घेतला, पानावर तांदूळ ठेवलं, आन् ठकूवहिनीला त्या पोपटनाक्या आज्याच्या शेजारी बसवलं. कुंकू लावलं. मंग लोकांकडं वळून म्हनला, “बघा. नाकाचं काय खरं नसतं. आता कुनी कुनाच्या आयला बोलायचं न्हाई.”

नूतननं हात जोडलेले. ती म्हनली, “अण्णा, आता तेवढं म्हना.”

“काय?”

“आई चांगली व्हती, असं.”

“बसवला की आता.”

“व्हय, बसवला. पन म्हना. मला नावानं हाक मारून म्हना, एकडाव.”

दादानं लोकांकडं बघितलं. कोंडिबा गालात हसत व्हता. दादाचा हात परत नाकाकडं गेला. म्हनला, “बसवला त्यात आलं सगळं. लई वडू नगं, ठकूच्या पोरी.”

नूतन वाकली आन् बसवलेल्या देवांतनं आपल्या आयला उचललं. बायांनी तोंडाला पदर लावले. बसलेला देव नवरात्रात कुनी उचललेला आमच्या गावानं बघितला नव्हता. तिनं टाकावरचं कुंकू पुसलं न्हाई, तसाच डबीत घातला, डबी कमरेला खोचली. म्हनली, “हिला जागा न्हाई म्हनत व्हता तेच बरं व्हतं.” शेफालीचा हात धरला आन् कापूरहोळची गाडी पकडायला निघाली. परत आली न्हाई. धनाजीनं तिकडं आंबवड्यात फळी ठोकून दिलीय म्हनं, भिंतीला. सासरच्या घरात माहेरची आय बसवत न्हाईत, तरी बसवली.

हिकडं आज्याशेजारी ते पान र्‍हायलं. वर तांदळाची मूठ, मधी टाकाचा खळगा. दसऱ्यापातुर हलवता येईना. दादानं रोज दिवा लावायचा आन् रोज ते बघायचं. दसरा झाला, सगळे देव उठले, सोनं वाटून झालं, तरी ते पान तसंच. वाळून तपकिरी पडलं, तांदळाला मुंग्या लागल्या.

काल भाकरी द्यायला गेले तर दादा देव्हाऱ्याकडं पाठ करून बसलेला. म्हनला, “अक्के, तेवढं ते पान उचल.”

म्या ताट ठेवलं आन् म्हनलं, “तुजं तू उचल.”